ऑटोक्लेव्ह दोनच्या दरवाजाबाबत

आमच्या संस्थेत एखादी गोष्ट घडली की नाही, हे ती मेलमध्ये आहे की नाही यावर ठरतं. मेलमध्ये नसेल तर ती घडलेली नाही. पंखा डोक्यावर पडला तरी आधी मेल टाकायची, मग डोकं धरायचं. मी इथे एकवीस वर्षं आहे. या पद्धतीला मी इतकी वर्षं हसत आले की मीही तिच्यातलीच आहे, हे माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

संस्था केंद्र सरकारची, फरीदाबादला. हलके आणि मजबूत पत्रे बनवायचे प्रयोग आम्ही करतो. कापडाचे थर राळेत भिजवून एकावर एक रचायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये भाजायचे. ऑटोक्लेव्ह म्हणजे खोलीएवढा आडवा प्रेशर कुकर, तोंडाला सव्वा मीटर व्यासाचा पोलादी दरवाजा. भाजून झालं की आतला दाब सोडायचा, काटा शून्यावर आला की पिन काढून दरवाजा उघडायचा. आमच्याकडे असे दोन आहेत. एक नंबरचा एक सुटा भाग सहा वर्षांपूर्वी मागवला, त्याची फाइल अजून फिरते आहे. म्हणून सगळं काम दोन नंबरवर. त्या प्रयोगशाळेची प्रमुख मी, डॉ. देवयानी, सायंटिस्ट एफ होण्याच्या रांगेत सात वर्षं उभी असलेली सायंटिस्ट ई. माझ्यावर विभागप्रमुख डॉ. भसीन. आणि माझ्या हाताखाली, प्रत्यक्ष मशीन चालवणारे एकटे शहाजी खाडे.

शहाजी माण तालुक्यातले. सतरा वर्षं फौजेत, तीही वर्कशॉपमध्ये, हवालदार म्हणून निवृत्त. शेवटचं पोस्टिंग दिल्ली कँटला होतं. मुलीची शाळा मोडायला नको म्हणून इकडेच राहिले आणि एका ठेकेदारामार्फत आमच्याकडे लागले. बायको स्वप्नाली, मुलगी आठवीत, फरीदाबादलाच दोन खोल्या भाड्याने. आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे कधी डब्यातली भाजी इकडची तिकडे व्हायची. पण कंत्राटी माणसाला संस्थेचा ईमेल मिळत नाही. म्हणजे वर सांगितलेल्या नियमाप्रमाणे शहाजींच्या आयुष्यात आमच्याकडे काहीच घडू शकत नव्हतं.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. माझ्या खोलीत ते कधी बसायचे नाहीत.

“मॅडम, एक रिपोर्ट आहे.”

“बोला ना.”

“दोन नंबरचा दरवाजा लाथ मारतोय.”

“म्हणजे?”

“काटा शून्य दाखवतो, पण आत थोडं प्रेशर राहतं. पिन काढली की दरवाजा झटक्याने अंगावर येतो. मागच्या आठवड्यात एकदा झालं, आज परत झालं. काट्याची नळी चोक झालीय. कुणाचा तरी हात जाईल, मॅडम. मशीन थांबवून नळी खोलायला पाहिजे.”

बिघाड काय, कारण काय, परिणाम काय, उपाय काय, सगळं अर्ध्या मिनिटात सांगून झालं. मी पीएचडी केलेली बाई. त्या अर्ध्या मिनिटाचं मी पुढे काय केलं ते बघा.

“दोनदाच झालंय ना?” मी म्हटलं. “दोन निरीक्षणांवरून निष्कर्ष नाही काढता येत, शहाजी. पण मी मेल टाकते.”

“टाका, मॅडम,” ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा सैल झाला. फौजेत वरच्याला रिपोर्ट दिला की तो रिपोर्ट वरच्याचा होतो, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. त्यांच्या दृष्टीने त्यांची बाजू पूर्ण झाली होती.

ती मेल लिहायला मला चाळीस मिनिटं लागली. विषय दिला, ‘ऑटोक्लेव्ह दोनच्या दरवाजाबाबत एक किरकोळ निरीक्षण’. खाली लिहिलं की प्राथमिक निरीक्षणांवरून, काही विशिष्ट परिस्थितीत, दरवाजा उघडताना आत किंचित दाब शिल्लक असण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. उपलब्ध माहिती मर्यादित असल्याने ठाम विधान करणं घाईचं ठरेल. सवडीने पाहावे ही विनंती. ‘कुणाचा तरी हात जाईल’ हे वाक्य मी आधी घातलं होतं. मग वाटलं, फार भडक दिसतंय, आणि त्याला संदर्भ तरी काय देणार? म्हणून काढलं. शोधनिबंधात कुणी नाव ठेवू नये म्हणून जशी वाक्यं घासूनपुसून गुळगुळीत करतो, तशीच हीही केली. वाचणाऱ्याच्या मनाला कुठेही टोचू नये इतकी गुळगुळीत. अकरा जणांना पाठवली आणि चांगली मेल लिहिल्याचं समाधान घेऊन चहाला गेले.

पहिलं उत्तर डॉ. भसीन यांचं, ‘नोटेड’. आमच्याकडे ‘नोटेड’ म्हणजे मी हे वाचलं आहे, आता मला याबद्दल परत विचारू नका. दुसऱ्याने ती देखभाल विभागाकडे पुढे ढकलली, ‘फॉर नेसेसरी अ‍ॅक्शन प्लीज’. देखभाल विभागाने कळवलं की तक्रार ऑनलाइन अर्जातच करावी. ऑनलाइन अर्जात पर्याय होते वीज, नळकाम, वातानुकूलन, वाळवी आणि इतर. मी ‘इतर’ निवडलं, तर तक्रार उद्यान विभागाकडे गेली. तिकडून दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की संबंधित झाडाचा क्रमांक कळवावा.

दरम्यान मूळ मेलवर चर्चा रंगली. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी विचारलं की तुमच्या मशीनचा काटा दाब बारमध्ये का दाखवतो, संस्थेच्या परिपत्रकाप्रमाणे तो पास्कलमध्ये हवा. दुसऱ्यांनी परिपत्रकाची सुधारित प्रत जोडली. तिसऱ्यांनी दाखवून दिलं की सुधारित प्रतीतही एक चूक आहे. या एका मुद्द्यावर नऊ मेल झाल्या, त्यातल्या दोन मेलना तक्ते जोडलेले होते. मग कुणीतरी सगळ्यांना लिहिलं की कृपया सगळ्यांना लिहू नका. त्यावर पाच जणांनी सगळ्यांना लिहून सहमती कळवली. एकाने मेलच्या याच शेपटीत नातवाच्या बारशाचं निमंत्रण दिलं, आणि खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त उत्तरं त्याला आली. मी घरी हे सगळं नवऱ्याला, सुधन्वाला, वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो.

नवव्या दिवशी सत्तावीस मेलची ती शेपटी फिरत फिरत माझ्याकडेच आली. वर एक ओळ होती, ‘डॉ. देवयानी यांनी कृपया योग्य ती कार्यवाही करावी.’ मी ती वाचली आणि सवयीने उत्तर टाकलं, ‘नोटेड’.

नोव्हेंबरात हवा नेहमीसारखी बिघडली. प्रदूषणाच्या निर्बंधांचा वरचा टप्पा लागला आणि निम्म्या लोकांनी घरून काम करावं असा आदेश आला. निम्मे म्हणजे कोण, हे आदेशात लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना बरोबर समजलं. ज्यांना ईमेल होता ते घरी बसले, ज्यांना नव्हता ते कामावर गेले. मी दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये खिडक्या बंद करून, हवा शुद्ध करायचं यंत्र लावून बसले. शहाजी रोज तोंडाला रुमाल बांधून सायकलने प्रयोगशाळेत जात होते.

त्या बुधवारी सकाळी त्यांचा फोन आला.

“मॅडम, आज पॅनेल भाजायचंय. दरवाजाचं काही झालं का?”

“मेल गेलीय, शहाजी. भसीन सरांना माहीत आहे.”

“अच्छा. पण नळी तशीच आहे. काल परत लाथ मारली त्याने. मी म्हणतो, एक दिवस थांबवून मीच खोलतो नळी.”

“शुक्रवारी रिव्ह्यू कमिटी येतेय. पॅनेल त्यांना दाखवायचंच आहे. शुक्रवारनंतर खोलू.”

ते म्हणाले, “मग चालवू का, मॅडम?”

“चालवा. फक्त जपून.”

“बिल्कुल, मॅडम.”

फोनमध्ये तो कॉल अजून आहे. दोन मिनिटं चाळीस सेकंद. काय बोललो ते कुठेच नाही, किती वेळ बोललो तेवढं आहे.

दुपारी सव्वाचारला मी एका ऑनलाइन प्रशिक्षणात होते. घरून काम करताना तणावमुक्त कसं राहावं, असा विषय होता, उपस्थिती अनिवार्य. फोन वाजला. गेटवरचा सुरक्षारक्षक बोलत होता. “मैडम, खाडे जी का हाथ आ गया दरवाज़े में.” मी विचारलं, कुठे लागलंय, किती लागलंय? तो म्हणाला, “मैडम, आप आ जाइए बस.” मी मात्र आधी प्रशिक्षण देणाऱ्या बाईंना चॅटमध्ये लिहिलं की अपरिहार्य कारणाने बाहेर पडते आहे, क्षमस्व. असं लिहायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

शहाजींनी पिन काढली तेव्हा काटा शून्यावर होता. आत मात्र दाब होता. झटक्याने आलेला दरवाजा आणि बाजूचा लोखंडी खांब यांच्यामध्ये त्यांचा उजवा हात सापडला. डॉक्टरांनी तो मनगटाच्या वर कापला.

आत किती दाब राहिला होता हे नंतर तपासात निघालं, एका बारचा दहावा भाग. एवढासाच. ज्याला मी ‘किंचित’ लिहिलं होतं तोच. घरी बसून मी कागदावर मांडून बघितलं. सव्वा मीटरचा दरवाजा, त्याचं क्षेत्रफळ, गुणिले तो दाब. साडेबाराशे किलो. म्हणजे एक मोटार उभी करून अंगावर सोडल्यासारखं. हे गणित बारावीचं पोरगंही करेल. मला पाच मिनिटं लागली. मेल लिहायला जी चाळीस मिनिटं लावली त्यातली पाच मी याला दिली असती, तर ‘किरकोळ’ हा शब्द माझ्या हातून उमटला नसता. तो कागद मी फाडून टाकला. मला त्या दिवशी स्वतःची शिसारी आली.

पाचव्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले. शहाजी उशीला टेकून बसले होते. मला बघून सवयीने उठायला लागले. स्वप्नालीने त्यांना खांद्याला धरून बसवलं आणि मला स्टूल दिलं.

“हाताचं जाऊ दे, मॅडम,” शहाजी म्हणाले. “फौजेत बघितलेत असले प्रकार. चौकशी बसलीय ना?”

“हो. तीन जणांची समिती आहे.”

“त्यात माझी हलगर्जी लिहू देऊ नका. कालच सुपरवायझर येऊन गेला ठेकेदाराचा, म्हणाला, तुमचीच गलती दिसते. एकदा ते कागदावर आलं की मला परत कुठल्या मशीनजवळ कोण उभं करणार? सतरा वर्षांत एक लाल शेरा नाही माझ्या नावावर.”

“मी बोलते ना त्यांच्याशी.”

“बोलू नका, मॅडम. लिहा. तुमच्याकडे लिहिलेलं चालतं. मी आधी सांगितलं होतं, एवढंच लिहा.”

“लिहिते,” मी म्हटलं. “नक्की लिहिते.”

स्वप्नालीने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “ताई, विसरू नका,” ती म्हणाली. मी तिच्या हातावर हात ठेवला. मी मनापासून म्हणत होते, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

समितीने अहवालाचा मसुदा तीन आठवड्यांनी पाठवला, एका सोमवारी सकाळी अकराला. सोबत नेहमीची ओळ होती. काही म्हणणं असल्यास आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवावं, अन्यथा संमती आहे असं गृहीत धरलं जाईल. मसुद्यात लिहिलं होतं की अपघात तंत्रज्ञाच्या निष्काळजीपणामुळे झाल्याचं दिसतं. माझ्या त्या मेलचाही उल्लेख होता. निरीक्षण अनिर्णायक स्वरूपाचं असूनही ते तत्परतेने कळवल्याबद्दल समितीने डॉ. देवयानी यांची प्रशंसा केली होती. ते वाचून मला हसू आलं.

मी दार बंद केलं आणि लिहायला बसले. चार मिनिटांत तीन वाक्यं झाली. शहाजी खाडे यांनी या धोक्याची मला आधीच स्पष्ट शब्दांत तोंडी कल्पना दिली होती. मशीन थांबवून दुरुस्त करावं असंही त्यांनी सुचवलं होतं. तरीही अपघाताच्या दिवशी मशीन चालवायला मी त्यांना फोनवरून सांगितलं. एकवीस वर्षांत मी इतकी साधी मेल लिहिली नव्हती. वाचून बरं वाटलं.

आमच्याकडे मेल पाठवण्याआधी ती वरच्याला दाखवायची पद्धत आहे. नियम नाही, पद्धत. मी मसुदा भसीन सरांना पाठवला. चार वाजून पस्तीस मिनिटांनी त्यांचा फोन आला. माणूस दुष्ट नाही हे आधीच सांगते. शहाजींच्या हॉस्पिटलमध्ये ते माझ्या आधी जाऊन आले होते.

“देवयानी जी, आपने उसके लिए लिखा, बहुत अच्छा किया,” ते म्हणाले. “पहले दो वाक्य बिल्कुल रखिए. उसका भला होगा.”

“और तीसरा, सर?”

“तीसरे से उसका क्या भला होगा? हाथ तो वापस आएगा नहीं. बस आप फँसेंगी, और जनवरी में आपका प्रमोशन का इंटरव्यू है.” मग त्यांनी विचारलं, “आपने सँभलकर चलाने को भी तो कहा था न?”

“जी, कहा था.”

“तो वो लिखिए. वो भी तो सच है.”

ते खरंच खरं होतं. आमच्या क्षेत्रात सहसा कुणी खोटं बोलत नाही, खरं निवडून बोलतात. मी तिसऱ्या वाक्याकडे बघत बसले. मग माझ्या डोक्यातली शास्त्रज्ञ कामाला लागली. फोनवर मी ‘चालवा’ म्हणाले, याला पुरावा काय? साक्षीदार कुणी नाही, ध्वनिमुद्रण नाही, एका व्यक्तीची एक आठवण. एवढ्यावरून ठाम विधान करणं घाईचं ठरत नाही का? दोन निरीक्षणं अपुरी म्हणणारी मी, मग एका निरीक्षणावर कशी विसंबणार? आणि सरांचंही खरं होतं, शहाजींनी मागितलं होतं ते पहिलं वाक्य. ‘मी आधी सांगितलं होतं, एवढंच लिहा’ हे त्यांचेच शब्द. तेवढं तर मी लिहीत होतेच.

तिसरं वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं, ‘मशीन चालवताना योग्य ती खबरदारी घेण्याची सूचनाही मी त्यांना दिली होती.’ चार बावन्नला मेल गेली. चार त्रेपन्नला समितीकडून उत्तर आलं, ‘नोटेड’.

त्या संध्याकाळी मेट्रोत मला हलकं वाटत होतं, हे सांगायलाच हवं. शब्द पाळल्यासारखं वाटत होतं. त्या वाक्यांचा अर्थ समिती काय लावेल, हे मला कळायला हवं होतं. समोर ठेवलेल्या गोष्टींमधून काय निघतं ते सांगण्याचाच मी पगार घेते. पण ते मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी ते बघितलं नाही, एवढंच.

अंतिम अहवाल गुरुवारी आला, जोडपत्रं धरून एकसष्ट पानांचा. सक्षम अधिकाऱ्यांनी तो स्वीकारला होता. मी थेट निष्कर्षाचं पान काढलं, त्रेचाळिसावं. वाचलं, लॅपटॉप बंद केला आणि कँटीनमध्ये जाऊन बसले. शहाजींना फोन करावा असं दिवसभर वाटत होतं. शुक्रवारीही वाटत होतं.

रविवारी तेच घरी आले. सुधन्वाने दार उघडलं. शहाजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि उजवी बाही नीट दुमडून सेफ्टी पिनने अडकवली होती. काखेत पारदर्शक फोल्डर. त्यांचा गेटपास रद्द झालेला, त्यामुळे ऑफिसात येता येत नव्हतं, म्हणून रविवारी घरीच आलो म्हणाले. स्वप्नालीने दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. मी बसा म्हटल्यावर या खेपेला ते बसले.

“ठेकेदाराने अहवालाची झेरॉक्स दिली,” ते म्हणाले. “इंग्रजी थोडं येतं मला, पण हे फारच लांबलचक आहे. लॅबमधल्या लोकांकडून कळलं, मॅडमनी तुमचं लिहिलंय म्हणून. स्वप्नाली म्हणाली, आधी जाऊन भेटून या.”

सुधन्वाने चहा ठेवला आणि तो आतल्या खोलीत गेला. त्याला सगळं माहीत होतं.

“उद्या बल्लभगडला एका कंपनीत बोलावलंय,” शहाजींनी कप डाव्या हाताने उचलला, अजून सवय झालेली दिसत नव्हती. “बॉयलरवर सुपरवायझर पाहिजे त्यांना. हात एक असला तरी चालेल म्हणाले, नजर पाहिजे. विचारणारच ते, अपघात कसा झाला. तेव्हा हा कागद दाखवतो. जिथे माझं लिहिलंय तेवढ्या पानावर खूण करून द्या.”

“शहाजी, हा कागद दाखवू नका.”

“का?”

मी त्यांच्याकडून फोल्डर घेतला, त्रेचाळिसावं पान काढलं आणि वाचून दाखवलं. मराठीत, जसं आहे तसं. डॉ. देवयानी यांच्या लेखी निवेदनावरून हे सिद्ध होतं की तंत्रज्ञाला धोक्याची पूर्ण कल्पना होती. खबरदारी घेण्याची सूचनाही त्याला देण्यात आली होती. असं असूनही त्याने स्वतःच्या जबाबदारीवर मशीन चालवलं आणि पुरेशी काळजी न घेता दरवाजा उघडला. सबब, अपघाताची जबाबदारी सर्वस्वी त्याची आहे.

शहाजींनी कप खाली ठेवला. रागावतील असं मला वाटलं होतं, खरं तर मी त्याचीच वाट बघत होते. पण त्यांनी मान जरा तिरकी केली, मशीनचा आवाज ऐकताना करायचे तशी.

“मला माहीत होतं, हे तर बरोबर आहे,” ते सावकाश म्हणाले. “मीच सांगितलं होतं तुम्हाला.”

“हो.”

“जपून म्हणालात, तेही बरोबर.”

“हो.”

“पण त्याच्या आधी मी विचारलं होतं, मॅडम. चालवू का म्हणून विचारलं होतं. तुम्ही चालवा म्हणालात.”

“हो, शहाजी. म्हणाले होते.”

“ते कुठल्या पानावर आहे?”

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. अहवाल एवढा जाड आहे, मॅडमनी लिहिते म्हणून सांगितलंय, तेव्हा ते आत कुठेतरी असणारच, असं त्यांनी धरलं होतं. माझ्या हातातून त्यांनी फोल्डर परत घेतला, मांडीवर ठेवला, दुमडलेल्या बाहीने दाबून धरला आणि डाव्या हाताने पहिल्या पानापासून उलटायला सुरुवात केली.

ते कुठल्याच पानावर नाही, असं मी म्हणायला हवं होतं. ते एकेका पानावर बोट फिरवत माझं नाव शोधत होते, आणि एकसष्ट पानांपैकी त्यांची अजून चारच झाली होती.